आम्ही आणि आपण

स्मरणिका समितीने या वर्षी लेख मागितला तेव्हा विषय माझ्यावरच सोडला होता. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. पण एक स्वतःचा हिशेब चुकता करायचा राहून गेला आहे आणि तो याच मंडळाच्या मंडपात सुरू झाला होता. म्हणून हा लेख. विषय भाषेच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात एका चुकीपासून करावी लागेल, आणि ती चूक माझी आहे.

२००९ सालचा उत्सव. मुलांची कथाकथन स्पर्धा होती आणि परीक्षक मी होतो. दहा वर्षांच्या एका मुलीने ससा-कासवाची गोष्ट सांगितली. आवाज खणखणीत, हातवारे छान, गोष्ट पाठ केलेली नव्हे तर स्वतःची करून सांगितलेली. मात्र तिची मराठी होती तंजावरच्या घरातली. हेल तमिळ, काही शब्द मला अनोळखी, क्रियापदे आपल्या पाठ्यपुस्तकाबाहेरची. मी कागदावर ‘उच्चार अशुद्ध’ असा शेरा मारला आणि गुण कापले. ती चौथी आली. बक्षिसे तीनच होती.

बक्षीस समारंभात मला दोन शब्द बोलायचे होते. मी मोठ्या उत्साहात म्हणालो, “आम्ही मराठी माणसे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या परक्या मुलखात आलो आणि तरीही आम्ही आमची भाषा टिकवली!” टाळ्या पडल्या. प्रसाद वाटताना त्या मुलीचे आजोबा जवळ आले. सगळे त्यांना रावमामा म्हणत. शांत, सडपातळ, कपाळावर गंध. म्हणाले, “छान बोललात. एकच विचारतो. तुमच्या त्या ‘आम्ही’त आम्ही येतो का?”

मी हसून वेळ मारून नेली. पुढच्या वर्षी ते कुटुंब उत्सवाला आले नाही.

त्या प्रश्नाने मला बरीच वर्षे वाचायला लावले. जे हाती लागले ते थोडक्यात मांडतो.

आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत, ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची आहे की ती विशेष आहे हे जाणवतच नाही. “आम्ही सिनेमाला चाललोय” म्हटले की ऐकणाऱ्याला कळते, आपल्याला बोलावणे नाही. “आपण सिनेमाला जाऊ” म्हटले की तो चपला घालू लागतो. हिंदीत दोन्हीला ‘हम’, इंग्रजीत दोन्हीला ‘वी’, बंगालीत दोन्हीला ‘आमरा’. संस्कृतातही ‘वयम्’ एकच. त्या भाषांत ऐकणारा आत की बाहेर, हे संदर्भावरून ओळखावे लागते किंवा ‘हम सब’, ‘हम लोग’ असे काही जोडून सांगावे लागते. मराठीत मात्र तोंड उघडायच्या आधीच ठरवावे लागते, की समोरचा माझ्यात धरायचा की नाही. चालढकल करायची सोय नाही.

१९८६ साली माझी बदली मद्रासला झाली तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरचे सहकारी डबा उघडताना म्हणाले, “नाम साप्पिडलाम.” अर्थ त्यांच्या हातावरून कळला: आपण जेवू या. काही महिन्यांनी समजले की तमिळमध्येही दोन शब्द आहेत. ‘नाम’ म्हणजे आपण, ‘नांगळ’ म्हणजे आम्ही. तेलुगूत ‘मनम’ आणि ‘मेमु’, मलयाळममध्ये ‘नम्मळ’ आणि ‘ञंगळ’. म्हणजे ज्या भाषेला मी परकी समजत होतो ती या एका बाबतीत हिंदीपेक्षा मला जवळची निघाली. त्या दुपारी त्या गृहस्थांनी मला ‘नाम’मध्ये घेतले होते आणि मला ते व्याकरण येण्याआधी कळले होते.

आता प्रश्न असा, की भाषेत असा भेद असला म्हणून माणसांच्या विचारात काही फरक पडतो का? हा वाद जुना आहे. जर्मनीतील विल्हेल्म फॉन हुंबोल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा विचार मांडला की प्रत्येक भाषेत जगाकडे पाहण्याची एक दृष्टी असते. अमेरिकेत एडवर्ड सपीर आणि त्यांचे विद्यार्थी बेंजामिन ली व्होर्फ यांनी तो पुढे नेला. या व्होर्फसाहेबांविषयी मला विशेष आपुलकी आहे, कारण तेही माझ्यासारखे नोकरदार. आगीच्या विमा कंपनीत आगप्रतिबंधक तपासनीस म्हणून ते काम करीत आणि उरलेल्या वेळात भाषांचा अभ्यास. आगी का लागतात याचे अहवाल वाचताना त्यांच्या लक्षात आले की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार सावध असतात, पण ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बिनधास्त विडी-सिगारेट ओढतात. वस्तुतः रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ असते आणि ती अधिक धोक्याची. पण ‘रिकामे’ हा शब्द कानावर पडला की मनाने तिथे काहीच नाही असे धरलेले असते. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी हे उदाहरण दिले, आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

पुढे या विचाराची फार ओढाताण झाली. एस्किमो लोकांच्या भाषेत बर्फाला शेकडो शब्द आहेत, म्हणून ते वेगळाच बर्फ पाहतात, असे आपण सगळ्यांनी कुठेतरी वाचले आहे. लॉरा मार्टिन या अभ्यासक बाईंनी १९८६ साली दाखवून दिले की हा आकडा एका लेखकाकडून दुसऱ्याकडे जाताना फुगत गेला होता. भाषा म्हणजे तुरुंग आणि माणूस तिचा कैदी, हे आज कोणी गंभीर अभ्यासक मानत नाही. हिंदीत ‘आपण’ नाही म्हणून हिंदी माणूस कमी अगत्यशील असतो, असे म्हणणे तर साफ खोटे ठरेल. ज्यांनी बदलीच्या नोकरीत लखनौ किंवा पाटण्याला दिवस काढले आहेत ते साक्ष देतील. शिवाय माळव्यात, भोपाळात हिंदीभाषकांनी ‘अपन’ हा शब्द त्याच कामाला लावलेला आहेच. ज्याला गरज वाटते तो सोय करून घेतो.

मला सर्वांत पटले ते रोमान याकोब्सन या विद्वानांचे १९५९ सालचे म्हणणे. भाषाभाषांतला खरा फरक, त्यांत काय सांगता येते यात नसतो. काय सांगावेच लागते यात असतो. सांगता तर सगळ्याच भाषांत सगळे येते. पण प्रत्येक भाषा आपल्या लेकरांना काही ठरावीक प्रश्न दिवसातून शंभर वेळा विचारते आणि उत्तर घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मराठी विचारते: समोरचा मोठा की बरोबरीचा? वस्तू ‘तो’ की ‘ती’ की ‘ते’? आणि ‘आपण’ की ‘आम्ही’? लहानपणापासून या प्रश्नाचे उत्तर देत देत आपली एक नजर घडते. विचार बांधले जात नाहीत, पण त्यांना वळण पडते. संस्कृती म्हणतात ती बरीचशी अशा वळणांचीच बनलेली असते.

मग हे वळण आपल्याला पडले कुठून? इथे खरा इतिहास सुरू होतो.

संस्कृतात नसलेला आणि द्रविड भाषांत रुजलेला हा भेद मराठीत कसा, याचे उत्तर अनेक भाषाभ्यासक शेजारात शोधतात. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितांचा मराठीच्या जडणघडणीवरचा ग्रंथ १९२० साली आला. मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एकच ‘भाषिक क्षेत्र’ आहे, वेगवेगळ्या कुळांतल्या भाषांनी इथे एकमेकींचे गुण उचलले आहेत, असे सप्रमाण मांडले. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ साली तर प्रश्न असा घातला की मराठीचा जन्मच दोन कुळांच्या दाट मिसळणीतून झाला असेल का. त्यांच्या निष्कर्षावर वाद आहेत, पण मिसळण झाली याबद्दल वाद नाही. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द घरात वापरताना आपण दक्षिणेकडचेच शब्द वापरत असतो. लहान मुलाला ‘पिल्लू’ म्हणतो, त्याचेही नाते तिकडेच जोडतात. आणि मद्रासकरांचा गणपती म्हणजे ‘पिळ्ळैयार’, ‘पिळ्ळै’ म्हणजे मूल आणि पुढे आदरार्थी ‘आर’. आपण ज्याला बाप्पा म्हणतो त्याला ते बाळराजे म्हणतात!

शब्द उसने घेणे सोपे. वाक्याची चाल उसनी घ्यायला मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका पाणवठ्यावर राहावे लागते. “येतो म्हणून म्हणाला” या वाक्यातला ‘म्हणून’ पाहा. तमिळमध्ये अगदी त्याच जागी ‘एन्रु’ येतो. हैदराबादची दखनी उर्दू त्याच चालीवर ‘आतूँ बोलके बोल्या’ म्हणते. आणि घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तमिळ माणूस ‘पोय्ट्टु वरेन’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येतो’. निरोपातसुद्धा परतीचा शब्द आधी. विसर्जनाच्या दिवशी बाप्पाला आपण जे बजावतो तेही तेच.

या गोष्टीचा जिवंत पुरावा आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. कुपवाड हे गाव आता सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून झालेल्या महानगरपालिकेत गेले आहे. तिथे शतकानुशतके मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारी घरे शेजारीशेजारी नांदली. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या बोलींचा अभ्यास करून १९७१ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे, की प्रत्येक समाजाने घरातली भाषा सोडली नव्हती, शब्द ज्याचे त्याचे वेगळेच राहिले होते. पण वाक्यरचना इतकी एकसारखी झाली होती की एका बोलीतल्या वाक्याचे दुसऱ्या बोलीत शब्दाला शब्द ठेवून रूपांतर करता यावे. शेतात, बाजारात, चावडीवर रोज एकमेकांशी बोलताना चारही भाषांची चाल एक झाली आणि ओळख मात्र चार राहिल्या. भाषा जपायची म्हणजे शेजाऱ्याचे वारे लागू द्यायचे नाही, असे मानणाऱ्यांनी कुपवाड आठवावे.

नात्यांचे शब्द तर आणखी खोलवर जातात. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेसंबंधांची चार क्षेत्रे कल्पिली आणि महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधल्या क्षेत्रात बसवले. आपल्या आज्या-पणज्या सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ का म्हणत? कारण मामाच्या किंवा आत्याच्या घरी लेक देण्याची रीत होती. सासरा खरोखरच मामा असू शकत होता आणि सासू आत्या. तमिळ घरांत सासऱ्याला ‘मामा’ आणि सासूला ‘अत्तै’ म्हणतात ते याच कारणाने. आज कित्येक मराठी घरांत ती चाल उरलेली नाही, पण शब्द मागे राहून साक्ष देत होता. रीत विसरली तरी शब्द विसरत नाही.

आता रावमामांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचे पूर्वज तंजावरला आले तेव्हा आपल्यातल्या कोणाच्याही खापरपणजोबांचा जन्म झाला नव्हता. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकाच्या मध्यावर तंजावरची गादी मिळवली. १६७७ साली महाराज दक्षिणेच्या स्वारीत आले तेव्हा या दोघा भावांची भेट झाली. तिथपासून १८५५ साली इंग्रजांनी ते राज्य संपवेपर्यंत, सुमारे एकशेऐंशी वर्षे, कावेरीच्या काठी मराठ्यांची गादी होती. तिच्या मागे कारकून, पंडित, कीर्तनकार, शिलेदार, रामदासी मठातले गोसावी अशी कितीतरी घरे तिथे स्थायिक झाली.

या लोकांनी भाषेचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. त्यांच्या नावावर तेलुगू आणि मराठी नाटके आहेत आणि ‘पंचभाषाविलास’ नावाचे एक असे नाटक आहे ज्यात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत या पाच भाषा एका रंगमंचावर नांदतात. दरबाराचे कागद मोडीत, देवळातले गाणे तेलुगूत, रयत तमिळ. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणले. त्यांच्याच काळात, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारातील भिंतीवर मराठीत कोरला गेला. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेले ते देऊळ; त्याच्या दगडावर चोळांचे तमिळ लेख, आणि आठशे वर्षांनी त्याच आवारात आपली देवनागरी. मी तो लेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा छाती फुगली होती. रावमामांच्या प्रश्नानंतर पुन्हा गेलो तेव्हा दुसरी गोष्ट दिसली: मराठी कोरताना तमिळ पुसलेली नव्हती.

सरफोजीराजांनी १८०५ साली छापखाना काढला. पुढच्या वर्षी तिथून ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी पुस्तक निघाले. त्यात काय होते? इसापच्या गोष्टी! मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती निघाली ती १८२८ साली. म्हणजे इसाप मराठीत प्रथम छापला गेला तो पुण्यात नाही, मुंबईत नाही, तर तंजावरला. हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले. ज्या गावाने मराठी मुलांना इसाप पहिल्यांदा छापून दिला, त्या गावच्या लेकीला मी ससा-कासवाच्या गोष्टीसाठी ‘अशुद्ध’ ठरवले होते.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. मराठी कीर्तनकार तंजावरला आले, लोकांना ते आवडले, आणि तंजावरचे कृष्ण भागवतर (१८४७ ते १९०३) यांनी त्या कीर्तनाच्या धर्तीवर तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. आजही तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे जशीच्या तशी वापरतात. चेन्नईच्या सभांमध्ये कर्नाटक संगीताच्या मैफलीच्या शेवटी अभंग गातात तेव्हा मराठी न येणारा श्रोता ‘विठ्ठल’ शब्दावर मान डोलावतो. सांबाराची आणि संभाजीराजांची गोष्ट मात्र मी सांगणार नाही. ती दंतकथा जेवणाच्या पंगतीतच शोभते. तिच्या आधाराशिवायही आपल्या पदरात पुष्कळ आहे.

याच मातीतून कुंभकोणचे सर टी. माधवराव निघाले. १८५७ पासून त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, आणि १८७५ पासून १८८२ पर्यंत बडोद्याचे. लहानग्या सयाजीराव गायकवाडांचे राज्य सांभाळले ते या तंजावरी मराठी माणसाने. तिरुवनंतपुरममध्ये सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे आणि त्या चौकाला लोक ‘स्टॅच्यू’ म्हणूनच ओळखतात. तिथले मल्याळी त्यांना आपले मानतात, बडोद्याचे मराठी आपले मानतात. आम्ही चाळीस वर्षांपूर्वी आलेले लोक मात्र त्यांच्याच भाऊबंदांना शुद्धलेखनाची परीक्षा घेऊन आत सोडत होतो.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. ‘आपण’ हा शब्द असला म्हणजे मन मोठे होते असे नाही. ‘आपण’मध्ये ऐकणारा आत येतो, पण जो तिथे नाही तो बाहेरच राहतो. “घर आपल्याच माणसाला द्यायचं आहे”, “तो आपल्यातला नाही” ही वाक्येही याच मराठीत बोलली जातात, आणि भाड्याने घर शोधताना आपल्यापैकी कित्येकांनी त्यांची तमिळ, कन्नड, गुजराती रूपे ऐकली आहेत. शब्द दार दाखवतो. उघडायचे की लावायचे हे माणसाने ठरवायचे असते. म्हणून मी भाषा विचार घडवते असे म्हणत नाही. ती रोज विचारते, एवढेच म्हणतो. उत्तराची जबाबदारी आपली.

आपल्या उत्सवाचा इतिहासही या दोन शब्दांचाच आहे असे मला वाटते. देवघरातला गणपती ‘आमचा’ असतो. आमच्याकडे दीड दिवसाचा, आमच्याकडे पाच दिवसांचा. १८९३ च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी ज्या सार्वजनिक उत्सवाला बळ दिले, त्याने हा गणपती चौकात आणला आणि तो ‘आपला’ झाला. मात्र हात जोडून प्रार्थना करताना आपण देवाला ‘आमच्यावर कृपा कर’ म्हणतो, ‘आपल्यावर’ म्हणत नाही. देव ऐकणारा आहे, मागणाऱ्यांत त्याला धरून कसे चालेल? देवापुढे सगळे ‘आम्ही’. एकमेकांत मात्र ‘आपण’. व्याकरण हे न शिकवता शिकवते.

२०११ साली चतुर्थीच्या आधी मी रावमामांच्या घरी गेलो. रागाचा मागमूस नव्हता. डबरा-टंबलरमध्ये कॉफी आली. मी सरळ म्हणालो, “मामा, माझं चुकलं. गुण कापायला नको होते.” ते म्हणाले, “गुणांचं सोडा हो. पोरगी घरी येऊन म्हणाली, आजोबा, आपण मराठी नाही का? त्याचं उत्तर द्यायला मला त्रास झाला.” मग थोडे थांबून म्हणाले, “आमच्या घरात तीनशे वर्षं ही भाषा कोणी शिकवली नाही. शाळा नाही, पुस्तक नाही. आई बोलली म्हणून मूल बोललं. तुम्ही नोकरीसाठी आलात, तुमच्या मुलांची मुलं किती बोलतात?”

मी गप्प बसलो. माझी नात बंगळुरूला असते. तिला मराठी समजते. उत्तर ती इंग्रजीत देते.

त्या वर्षी रावमामा सहकुटुंब उत्सवाला आले. त्या वर्षीपासून आपल्या निमंत्रणपत्रिकेतले वाक्यही बदलले. पूर्वी ‘आम्ही हा उत्सव साजरा करीत आहोत, आपण यावे’ असे असायचे. तेव्हापासून ‘आपण सर्व मिळून हा उत्सव साजरा करू या’ असे असते. बदल कोणाच्या लक्षात आला नसेल. स्पर्धेच्या नियमांत ‘शुद्ध मराठी’ हे शब्द होते, ते काढून ‘कोणत्याही गावची मराठी चालेल’ असे घातले. त्यानंतर नागपूरकडची, बेळगावची, इंदूरची आणि तंजावरची मराठी एकाच मंचावर ऐकायला मिळू लागली, आणि मुलांची संख्या घटण्याऐवजी वाढली.

रावमामा २०१८ साली गेले. २०२४ साली केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा मला त्यांची फार आठवण झाली. तमिळला तो २००४ सालीच मिळाला होता. दोन अभिजात भाषा एकाच घरात, एकाच चुलीपाशी बोलणारा तो माणूस होता आणि त्याला मी बाहेरचा समजलो होतो.

गेल्या वर्षी कथाकथन स्पर्धेची परीक्षक त्यांचीच नात होती. आता ती नोकरी करते आणि शनिवारी सोसायटीतल्या मुलांना गोष्टी सांगते. स्पर्धा संपल्यावर मी तिला त्या जुन्या शेऱ्याबद्दल सांगितले. ती म्हणाली, “काका, मला आठवतही नाही. आजोबांना मात्र शेवटपर्यंत आठवत होतं.” आणि मग हातातली गुणपत्रिका माझ्यापुढे धरून म्हणाली, “हे अक्षर लागतं का बघा. आपण दोघं मिळून बेरीज करू.”

आम्ही बेरीज केली, असे लिहायला हात गेला होता. पण वाचकहो, तुम्हीही या मंडळाचेच आहात, म्हणून मी तो मागे घेतो. बेरीज अजून पुरी व्हायची आहे आणि ती आपण सगळ्यांनी मिळून करायची आहे. आपल्या घरी जे मूल मोडकेतोडके मराठी बोलते त्याला या वर्षी मंचावर पाठवा. चुका होऊ द्यात. फक्त ‘अशुद्ध’ म्हणू नका.

सर्वांना गणेशोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!